एका टिंबाची किंमत

विद्यार्थिमित्रहो, कागदावर 'सा' हे अक्षर लिहा आणि त्याच्या डोक्यावर एक टिंब द्या. हा स्वर आता पेटीवर वाजवायचा आहे. कोणत्या सप्तकात वाजवाल?

भातखंडे पद्धतीच्या पुस्तकावर शिकलेला विद्यार्थी म्हणेल, "हा तार सप्तकातला सा." पलुस्कर पद्धतीच्या पुस्तकावर शिकलेला म्हणेल, "छे, हा तर मंद्र सप्तकातला!" आपापल्या पुस्तकाप्रमाणे दोघेही बरोबर आहेत. संगीताच्या क्रमिक पुस्तकांत मध्य सप्तकातल्या सा ची कंपनसंख्या सोयीसाठी सेकंदाला २४० धरण्याची रीत आहे. त्या हिशेबाने तार सा ची कंपनसंख्या ४८० आणि मंद्र सा ची १२० होते. म्हणजे चिन्ह तेच, टिंब तेच, पण एकाचा स्वर दुसऱ्याच्या चौपट! आता स्वराखाली एक आडवी रेघ ओढा. भातखंडे पद्धतीत ती रेघ 'हा स्वर कोमल आहे' असे सांगते. पलुस्कर पद्धतीत तीच रेघ 'हा स्वर एक मात्रा टिकवा' असे सांगते. एक चिन्ह स्वराच्या उंचीबद्दल बोलते, तर तेच चिन्ह दुसरीकडे काळाबद्दल बोलते.

भौतिकीच्या तासाला आम्ही नेहमी बजावत असतो की, एकक लिहिल्याशिवाय नुसता आकडा लिहू नका. 'लांबी ५' असे लिहिले तर पाच काय, हा प्रश्न उरतोच. स्वरलेखनाचेही तसेच आहे. कोणती पद्धत ते लिहिल्याशिवाय टिंबाला अर्थ नाही. आज ही गोष्ट मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, आता आपली गाणी वहीतून संगणकात आणि मोबाइलमध्ये जाऊ लागली आहेत. संगीतासाठी केलेल्या आज्ञावल्या, म्हणजे सॉफ्टवेअर, शाळेतल्या मुलांच्याही हाती आली आहेत. ह्या यंत्रांत स्वरांची मांडणी कशी करावी, ह्याविषयी माझे एक ठाम मत आहे. ते तुम्हाला पटवून देण्याचा हा प्रयत्न आहे.

दोन विष्णू आणि दोन पद्धती

प्रथम थोडा इतिहास पाहू. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे मुंबईचे. शिक्षणाने वकील. देशभर हिंडून त्यांनी निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांकडून चिजा मिळवल्या, त्यांचे स्वरलेखन केले आणि 'क्रमिक पुस्तक मालिका' ह्या नावाने त्या सहा भागांत प्रसिद्ध केल्या. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) हे कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली. मिरजेला ते गायन शिकले आणि १९०१ मध्ये लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. अधू दृष्टीच्या ह्या माणसाने गाणे डोळ्यांना दिसावे म्हणून एक स्वतंत्र लेखनपद्धती तयार केली, हे विशेष होय.

दोघांची चिन्हे निरनिराळी, कारण दोघांचा भर निराळा. भातखंड्यांनी चिन्हे कमीत कमी ठेवली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तार स्वराला वर टिंब, एका मात्रेत अनेक स्वर आले तर त्यांच्याखाली कंस, आणि मींड असेल तर वर कंस. पलुस्करांनी काळाला जास्त महत्त्व दिले. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक स्वराखाली तो किती काळ टिकतो ह्याचे चिन्ह येते. त्यामुळे काळ अधिक काटेकोर कळतो, पण पानावर चिन्हांची दाटी होते. एकात वाचायला सोपेपणा, तर दुसऱ्यात नेमकेपणा. दोन्ही पद्धतींत गाण्याचे सगळेच काही लिहिलेले नसते. आवाजाचा पोत, आंदोलन, स्वरावर येण्याची लकब ही गुरूकडूनच शिकावी लागते. स्वरलेखन म्हणजे काय ठेवायचे आणि काय सोडायचे ह्याचा विचारपूर्वक केलेला निर्णय असतो.

छापील पुस्तकात मात्र एक सोय होती. सुरुवातीच्या पानांवर चिन्हांचे स्पष्टीकरण दिलेले असे. पुस्तक हातात असले की किल्लीही हातातच असे. संगणकावर हीच किल्ली हरवते. एका पुस्तकातली चार ओळींची सरगम कोणीतरी टंकते, दुसरा ती मोबाइलवर पुढे पाठवतो, तिसरा आपल्या वहीत उतरवतो. चिन्हे पोहोचतात, पण स्पष्टीकरणाचे पान मागेच राहते.

यंत्राला स्वर कसा कळतो?

संगणक स्वर कसा साठवतो ते आता पाहू. १९८३ मध्ये वाद्ये आणि संगणक ह्यांच्यातल्या देवाणघेवाणीसाठी 'मिडी' नावाचे मानक ठरले. त्यात प्रत्येक पट्टीला ० ते १२७ पर्यंतचा एक क्रमांक दिलेला आहे. सेकंदाला ४४० कंपने असणाऱ्या पट्टीचा क्रमांक ६९. क्रमांक एकने वाढला की कंपनसंख्या १.०५९५ पट होते. असे बारा वेळा केले की ती बरोबर दुप्पट होते, म्हणजे आपण पुढच्या सप्तकात जातो.

आता एक सोपे गणित करा. समजा, गायकाची पट्टी काळी दोन आहे. मिडीत तिचा क्रमांक ६३. गाण्यातला एखादा स्वर यंत्राने ६७ ह्या क्रमांकाने नोंदवला. ६७ वजा ६३ बरोबर ४. सा ला शून्य धरून मोजा: १ कोमल रे, २ शुद्ध रे, ३ कोमल ग, ४ शुद्ध ग, ५ शुद्ध म, ६ तीव्र म, ७ प, ८ कोमल ध, ९ शुद्ध ध, १० कोमल नी, ११ शुद्ध नी. तेव्हा हा शुद्ध गंधार झाला. क्रमांक ७५ असेल तर वजाबाकी १२ येते, म्हणजे तार सा. क्रमांक ५८ असेल तर वजाबाकी उणे ५ येते. त्यात १२ मिळवले की ७ उरतात. म्हणजे हा पंचम, पण मंद्र सप्तकातला. सातवीतल्या मुलालाही जमेल असा हा हिशेब आहे.

ह्या हिशेबातून काय दिसते? सा कोणत्या पट्टीवर आहे, स्वर सा पासून किती अंतरावर आहे, तो कोणत्या मात्रेवर सुरू होतो आणि किती टिकतो, एवढ्या गोष्टी साठवल्या की त्यावरून भातखंडे पद्धतीचे पान छापता येईल, पलुस्कर पद्धतीचे छापता येईल आणि पाच ओळींच्या पाश्चात्त्य पद्धतीचेही छापता येईल. तार सा वर टिंब द्यायचे की उभी रेघ, हा निर्णय छापण्याच्या क्षणी घेता येतो. साठवण ही एक गोष्ट आहे आणि मांडणी ही दुसरी. अर्थ साठवावा, रूप मागेल तसे द्यावे. ह्या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचे सगळे घोटाळे सुरू होतात. ते कसे, हे दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल.

मंद्र ग आणि गझलेचा ग

पहिला घोटाळा देवनागरी टंकलेखनातला. भातखंडे पद्धतीची सरगम साध्या लेखनाच्या आज्ञावलीत टंकायची असेल तर लोक काय करतात? तार सा साठी अनुस्वार देऊन 'सां' लिहितात. कोमल रे साठी वेदपठणाच्या स्वरचिन्हांतली खालची आडवी रेघ वापरून 'रे॒' लिहितात. तीव्र मध्यमासाठी त्याच चिन्हांतली वरची उभी रेघ घेऊन 'म॑' लिहितात. मंद्र स्वरासाठी नुक्ता देतात. डोळ्यांना ते बरोबर दिसते, आणि एवढ्यावर आपण समाधान मानतो.

पण यंत्राच्या पोटात काय साठले? 'सां' मध्ये तीन चिन्हे साठली: स, काना आणि अनुस्वार. तिथे सप्तकाचा पत्ताच नाही. अंध विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखवणारी आज्ञावली हा तार षड्ज नाकातून उच्चारेल, कारण तिच्या दृष्टीने तो अनुस्वार आहे. मंद्र ग म्हणून लिहिलेला 'ग़' हा यंत्राच्या लेखी उर्दू वळणाच्या गझलेतला ग आहे. मंद्र रे म्हणून र ला नुक्ता दिला की त्याचा होतो 'ऱ', म्हणजे 'दुसऱ्या' आणि 'तऱ्हा' ह्या शब्दांतला आपला ऱ! मंद्र नी मधला 'ऩ' हे तर युनिकोडमध्ये दक्षिणेतल्या भाषेचा उच्चार दाखवण्यासाठी ठेवलेले अक्षर आहे. अशा मजकुरातून 'मंद्र सप्तकात जाणाऱ्या सगळ्या ओळी शोध' असे यंत्राला सांगितले तर ते काय शोधणार? 'हे गाणे दोन पट्ट्या वर घे' असे सांगितले तर ते काय वर घेणार?

जुन्या टंकांत केलेल्या सरगमी तर ह्याहून वाईट अवस्थेत आहेत. ज्या टंकात त्या लिहिल्या तो दुसऱ्या संगणकावर नसेल, तर तिथे निरर्थक अक्षरांची रांग दिसते. युनिकोडमध्ये पाश्चात्त्य संगीतचिन्हांचा स्वतंत्र गट २००१ पासून आहे. इंडोनेशियातल्या बाली बेटाच्या लिपीबरोबर तिथली संगीतचिन्हेही २००६ मध्ये आली. भातखंडे किंवा पलुस्कर ह्यांच्या चिन्हांसाठी मात्र असा स्वतंत्र गट नाही. म्हणून आपण उसन्या चिन्हांवर काम भागवतो.

ह्यात मात्रांच्या रकान्यांची भर पडते. भातखंडे पद्धतीचे पान हे खरे तर एक कोष्टक असते. त्रितालाच्या सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग, सम, टाळी आणि खाली ह्यांची चिन्हे खालच्या ओळीत. झपताल असेल तर दहा मात्रा, २–३–२–३ अशा. रूपकाच्या सात मात्रा, ३–२–२ अशा, आणि समेवरच खाली. गाण्याचे शब्द, स्वर आणि तालचिन्हे एकाखाली एक उभ्या रेषेत आली तरच पान वाचता येते. पुष्कळ जण हे रकाने स्पेसची कळ दाबून जुळवतात. टंकाचा आकार बदलला किंवा मजकूर मोबाइलच्या अरुंद पडद्यावर गेला की सोळाव्या मात्रेचा स्वर पुढच्या ओळीत घरंगळतो आणि सम भलत्याच अक्षरावर पडते. कोष्टकाची सोय जवळजवळ प्रत्येक लेखन-आज्ञावलीत असते. ती वापरली तर हा प्रश्न निम्मा सुटतो.

यंत्र पूर्णांक करते तेव्हा

दुसरा घोटाळा संगीत-आज्ञावल्यांच्या मांडणीत होतो. पेटीसारख्या कळफलकावर तुम्ही चाल वाजवली की ह्या आज्ञावल्या पडद्यावर पाच ओळींची स्वरलिपी आपोआप लिहून दाखवतात. पाहणाऱ्याला मोठी गंमत वाटते. पण हे लिहिताना यंत्र दोन ठिकाणी 'जवळचा पूर्णांक' घेते, आणि ते आपल्याला सांगत नाही.

पहिली जागा स्वराची. तंबोऱ्याच्या सुरात मिळणारा शुद्ध गंधार सा च्या ५/४ पट असतो. सा २४० असेल तर ग ३००. यंत्राच्या समान बारा भागांतला ग मात्र ३०२.४ येतो. दोन्ही एकदम वाजवले तर सेकंदाला सुमारे अडीच स्पंद ऐकू येतील. स्पंद म्हणजे आवाजाचा लहान-मोठा होणारा हेलकावा, तुम्ही पाठ्यपुस्तकात शिकता तोच. आपल्याकडे हा फरक फार पूर्वीपासून मोजला गेला आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांचे बावीस श्रुतींवरचे इंग्रजी पुस्तक १९१० मध्येच प्रसिद्ध झाले होते.

मींड घेतली की फरक अधिकच उघड होतो. रे वरून ग वर घसरत जाताना कंपनसंख्या सलग बदलते. आलेख काढला तर चढती वक्ररेषा मिळते. गंमत अशी की यंत्राला ही वक्ररेषा साठवता येते. मिडीत स्वर वाकवण्यासाठी एकूण १६,३८४ पायऱ्या ठेवल्या आहेत. नेहमीच्या मांडणीत ह्या पायऱ्या वर दोन आणि खाली दोन पट्ट्यांत वाटल्या जातात. म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये चार हजारांहून अधिक पायऱ्या झाल्या. कानाला त्या सलगच वाटतात. साठवण एवढी बारीक आहे. पण मांडणी करताना आज्ञावली त्यातून दोन ठोकळे स्वर काढून दाखवते, किंवा तिसराच एखादा स्वर मध्ये घुसवते. नुकसान साठवणीत झालेले नसते, मांडणीत होते. तो छापील कागदच खरा धरून पुढचा विद्यार्थी शिकला, तर मात्र नुकसान कायमचे होते.

दुसरी जागा काळाची. पुष्कळ आज्ञावल्या एका मात्रेचे ४८० भाग करतात. ४८० ला २, ३, ४, ५, ६ आणि ८ ह्यांनी नि:शेष भाग जातो. तेव्हा दुगुण, तिगुण, चौगुण नीट बसतात. पण मात्रेत सात अक्षरे भरणारा तबलजी आला की पंचाईत होते, कारण ४८० ला ७ ने भागले तर ६८.५७ येतात. ९६० घेतले तरी तेच. १ ते ८ पर्यंतच्या सर्व संख्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या ८४०. लसावि काढून पाहा. हा फरक कानाला क्वचितच जाणवेल. मात्र मांडणीच्या वेळी आज्ञावली मात्रेच्या चौथ्या किंवा आठव्या भागापर्यंत काळ ढकलते, तेव्हा सात अक्षरांचा तुकडा ओळखू येण्याच्या पलीकडे जातो.

माझे म्हणणे

आता माझे मत स्पष्ट सांगतो. आपल्या संगीतासाठी आज्ञावली निवडताना किंवा तयार करताना पहिला प्रश्न 'पान किती सुंदर छापते?' हा नसावा. 'काय साठवते, आणि ते बाहेर काढता येते का?' हा असावा.

ह्याला एक ताजा दाखला आहे. पाश्चात्त्य स्वरलेखनासाठी १९८८ मध्ये आलेली 'फिनाले' ही आज्ञावली जगभर वापरली जात असे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिच्या निर्मात्यांनी तिचा पुढचा विकास थांबवल्याचे जाहीर केले. कित्येक संगीतकारांचे काम तिच्या स्वत:च्या साच्यातल्या फायलींत होते. ज्यांनी वेळीच आपले काम 'म्युझिक एक्सएमएल' ह्या खुल्या साच्यात काढून घेतले, त्यांना ते दुसऱ्या आज्ञावलीत नेता येते. हा खुला साचा २००४ पासून उपलब्ध आहे. बाकीच्यांना धावपळ करावी लागली. यंत्र बदलते, कंपनी बंद होते. राहायला हवे ते गाणे.

आपल्या संगीताला साजेशी आज्ञावली करता येत नाही, असेही नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्नार्ड बेल आणि जेम्स किपेन ह्यांनी तबल्याच्या बोलांसाठी 'बोल प्रोसेसर' तयार केला. त्यात तबल्याचे बोल अक्षरांच्याच रूपात घेतले आणि कायद्यातून पलटे कसे निघतात ह्याचे नियम यंत्राला शिकवले. बोलांना पाच ओळींच्या चौकटीत कोंबावे लागले नाही. आधी संगीत समजून घेतले आणि मग यंत्र त्याच्याभोवती बेतले, हीच योग्य दिशा होय.

काही आक्षेप

कोणी म्हणेल, "आपले गाणे गुरुमुखातूनच शिकायचे. लिहिण्याची उठाठेव कशाला?" हे निम्मे खरे आहे. पण भातखंड्यांनी लिहून ठेवल्या नसत्या तर किती चिजा आज आपल्यापर्यंत पोहोचल्या असत्या? लेखन गुरूची जागा घेत नाही. गुरू नसताना ते वाटेवरच्या मैलाच्या दगडासारखे उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप: "आता मोबाइलवर आवाजच मुद्रित करता येतो, मग लिपी हवी कशाला?" मुद्रण अवश्य करावे. ते पहिले काम. पण मुद्रण हे छायाचित्रासारखे असते आणि स्वरलेखन नकाशासारखे. गावाच्या छायाचित्रात झाडे, माणसे, उन्हे सगळे येते. तरी दुसऱ्या गावाला जायचे असले की आपण नकाशा उघडतो. दोन चालींत साम्य कोठे आहे, हे मुद्रणे ऐकून सांगायला तास लागतील. लिहिलेल्या स्वरांवरून ते काही मिनिटांत दिसते.

तिसरा आक्षेप: "पाच ओळींची लिपी जगभर चालते, तीच घ्यावी." शिकावी, जरूर शिकावी. पण त्या लिपीत पट्टी ठरलेली असते. आपल्याकडे सा हलतो. काळी दोनमध्ये गायलेली आरती आणि पांढरी चारमध्ये गायलेली तीच आरती आपल्या लिपीत अक्षरश: सारखीच दिसते, कारण आपण कंपनसंख्या लिहीत नाही, तिचे सा शी असलेले गुणोत्तर लिहितो. हा आपल्या लिपीचा गुण आहे. तो गमावण्याचे कारण नाही.

आपल्या भोवतीची गाणी

हे सारे मी अकोला–वाशीम रस्त्यावरच्या मेडशीत बसून का लिहीत आहे? मोठ्या गवयांच्या चिजा कोणीतरी लिहून ठेवील. आपल्या भागातल्या गाण्यांचे काय? भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत म्हटली जाणारी भुलाबाईची गाणी, कार्तिकातला पहाटेचा काकडा, पोळ्याच्या झडत्या, होळीला तांड्यांवर घुमणारी बंजाऱ्यांची लेंगी. ह्यांचे शब्द कोठे ना कोठे छापलेले मिळतात. चाली मात्र क्वचितच मिळतात. म्हणणाऱ्या आजीबरोबर चालही जाते, आणि मग शब्द कोरडे पडतात.

जात्यावरच्या ओव्यांसाठी हेमा राईरकर आणि गी पॉईतवाँ ह्यांनी केलेले काम ह्या बाबतीत डोळ्यांसमोर ठेवावे. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केल्या. वर उल्लेखिलेल्या बर्नार्ड बेल ह्यांनी पुढे नव्वदच्या दशकात त्यांपैकी काही हजार ओव्यांचे ध्वनिमुद्रणही केले. २०१७ पासून 'पारी' ह्या संकेतस्थळावर त्या क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. जाते घरातून गेले, पण मुद्रण झाले म्हणून त्या ओवीचा ढाळ आज ऐकता येतो. मुद्रण झाले नसते तर लाख ओव्यांचे नुसते शब्द उरले असते.

करून पाहा

विद्यार्थिमित्रहो, हे काम तुमच्या आवाक्यातले आहे. घरातल्या किंवा शेजारच्या कोणा वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारा आणि त्यांच्या परवानगीने एक गाणे मोबाइलवर मुद्रित करा. पेटीवर त्यांचा सा शोधा आणि पट्टी लिहून ठेवा. मग चाल ओळखून कोष्टकात लिहा. एका मात्रेला एक रकाना. सर्वांत वरच्या ओळीत तीन गोष्टी अवश्य लिहा: सा ची पट्टी, ताल आणि चिन्हांची पद्धत. खाली चिन्हांचे स्पष्टीकरण द्या, मग ते वाचणाऱ्याला ठाऊक असो वा नसो. ताल नसलेले गाणे असेल तर 'ताल नाही' असे स्पष्ट लिहा, ओढूनताणून चौकटीत बसवू नका. जेथे मींड किंवा आंदोलन चिन्हांत सापडत नाही, तेथे शब्दांत टीप द्या. 'येथे ग किंचित उतरलेला आहे' ही साधी टीप पुढच्या माणसाला फार मोलाची ठरते.

संगणकावर लिहिणार असाल तर अक्षरांच्या कोष्टकाशेजारी अंकांचे दुसरे कोष्टक ठेवा. सा साठी ०, कोमल रे साठी १, तार सा साठी १२, मंद्र प साठी उणे ५. हे अंक कोणत्याही टंकात बिघडत नाहीत, कोणत्याही यंत्राला कळतात आणि पन्नास वर्षांनी उघडले तरी वाचता येतील. वर्गातल्या कोणाला आज्ञावली लिहिता येत असेल तर त्याने किंवा तिने ह्या अंकांवरून भातखंडे आणि पलुस्कर अशी दोन्ही पाने छापणारी छोटी आज्ञावली करून पाहावी. वजाबाकी आणि बाराने भागून उरणारी बाकी, एवढ्या गणितावर ती चालेल.

शिक्षक बंधू-भगिनींनाही एक विनंती. संगीत हा विषय एकट्या संगीतशिक्षकाचा मानू नका. कित्येक शाळांत ते पदही नसते. विज्ञानशिक्षकाने कंपनसंख्या आणि स्पंद ह्यावर शिकवावे, गणिताच्या शिक्षकाने लसावि आणि गुणोत्तर, मराठीच्या शिक्षकाने शब्द तपासावेत, संगणकाच्या तासाला कोष्टक करून घ्यावे. वर्षाला एका वर्गाने दहा चाली जरी अशा नीट लिहिल्या, तरी दहा वर्षांत शाळेजवळ शंभर चालींचा संग्रह होईल. मुद्रण आणि लेखन दोन्ही असलेला.

आणि आज्ञावल्या करणाऱ्यांना सांगणे एवढेच की, आमचा तार सा अनुस्वार म्हणून साठवू नका. तो तार सा आहे हे यंत्राला सांगा. त्याच्या डोक्यावर टिंब द्यायचे की रेघ, ते आम्ही छापताना ठरवू.